दफ्तर शाबूत, वाचणारा कोठे?

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यान)



होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दरबारांतील मोडी दफ्तरे बऱ्याच अंशी शाबूत राहिली. विरळ झाला तो मोडी वाचणारा. कागद टिकला म्हणजे मजकूर टिकला असे नव्हे, हा धडा मराठी माणसाला मोडीने दिला. तोच धडा आता संगणक देत आहे, आणि तोही दहा-वीस वर्षांच्या अवधीत.

संगणकातील सूची वा ग्रंथ वाचावयाचा तर आज्ञावली लागते. ही आज्ञावली एकटीने काही करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर चौकट आखणे, मजकूर छपाईस धाडणे, यांपैकी प्रत्येक कामासाठी ती ऑपरेटिंग सिस्टिम नामक कारभाऱ्याकडे विनंती करते. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली विंडोजच्या परिभाषेत बोलते. लिनक्स हा दुसरा कारभारी; त्याला ती परिभाषा उमगत नाही. यंत्र तेच असूनही संवाद खुंटतो.

या कोंडीतून दोन वाटा निघतात. पहिली वाट जुने यंत्रच आज्ञावलीच्या रूपाने नव्या यंत्रात उभे करण्याची. त्यास एम्युलेटर म्हणतात. इंग्लंडमधील १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या नोंदग्रंथाला नऊशे वर्षे झाली, तेव्हा १९८६ मध्ये बीबीसीने देशाचे नवे वर्णन लेसर तबकड्यांवर नोंदविले. पुढे त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. जुने हस्तलिखित वाचता येत होते. सोळा वर्षांची तबकडी मात्र मुकी होऊ लागली होती. अखेर २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी एम्युलेटरद्वारे तिला पुन्हा बोलते केले.

दुसरी वाट दुभाष्याची. १९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंडोजच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालविण्यासाठी ‘वाइन’ हा प्रकल्प आरंभिला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांद्र ज्युलियार यांनी वाहिली. ‘वाइन हा एम्युलेटर नव्हे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणजेच हे नाव. येथे जुने यंत्र उभे केले जात नाही. आज्ञावलीने विंडोजच्या बोलीत केलेली विनंती वाइन ऐकते आणि लिनक्सकडून ते काम करवून घेते.

सांगावयास हे सोपे, प्रत्यक्षात १.० ही आवृत्ती निघण्यास २००८ साल उजाडले. विंडोजची मूळ संहिता गुप्त असल्यामुळे प्रसिद्ध माहितीपत्रके आणि प्रत्यक्ष वर्तन यांवरूनच सारे नव्याने लिहावे लागले. शिवाय मूळ प्रणालीतील दोषही जसेच्या तसे उतरवावे लागतात, कारण एखादी जुनी आज्ञावली तो दोष गृहीत धरूनच रचलेली असते. पाठचिकित्सा करणारा संपादक लेखकाची चूक परस्पर सुधारीत नाही, त्यातलीच ही निष्ठा होय. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने याच पायावर ‘प्रोटॉन’ उभारले आणि विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले.

यातील नवल पुढेच आहे. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्या १९९० च्या आसपासच्या १६ बिटी आज्ञावल्यांना दारात उभे करीत नाहीत, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटीच आहे. वाइनच्या आश्रयाने मात्र लिनक्सवर त्यांपैकी अनेक अजून चालतात. स्वगृही पारखे झालेले परक्या घरी नांदते आहे.

मराठी ग्रंथालयांशी याचा संबंध निकटचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले, परंतु विंडोजमध्ये तिची सोय विंडोज २००० पासून झाली. तोवर मराठी अक्षरजुळणी निरनिराळ्या खाजगी फाँटांच्या संकेतांत होत असे. तो फाँट हाताशी नसेल तर ज्ञानाची पाने रोमन अक्षरांची खिचडी होऊन पडद्यावर उमटतात. विशेषांक, स्मरणिका, ग्रंथसूची असे कितीतरी साहित्य या अवस्थेत पडून असेल.

म्हणून केवळ फाइल जपणे पुरेसे नाही. तिच्यासोबत तिचा फाँट, मूळ आज्ञावलीची तबकडी आणि परवान्याचे कागदही जपावयास हवेत. हार्डवेअर लॉक मागणाऱ्या आज्ञावल्यांपुढे वाइन पुष्कळदा हतबल होते. तो लॉकही टाकून देऊ नये. जेथे मजकूर उघडतो तेथे तो युनिकोडमध्ये उतरवावा आणि मराठी जाणणाऱ्या माणसाने ओळीगणिक ताडून पाहावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास दगा देतात.

शतकापूर्वी मराठी मुलखाबाहेर ग्रंथालये स्थापणाऱ्यांना वाळवीची आणि ओलीची चिंता होती. त्यांच्या वारसांना ही नवी चिंता वाहावयाची आहे. मोडीच्या बाबतीत जाग उशिरा आली. कपाटातील फ्लॉपींच्या बाबतीत ती वेळीच यावी, आणि या शताब्दी वर्षात त्यांची यादी करण्यापासून आरंभ व्हावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.