कुलूप आणि ते बसवणारा हात



आपल्या वसईकडे वाडीतल्या घराला पूर्वी कडी-कोयंडा पुरे. घरात सदा कोणी ना कोणी असे. आता नालासोपारा-विरारला इमारती झाल्या. नवराबायको दोघेही सकाळची लोकल गाठतात. घर दिवसभर बंद. मग आपण महागाचे कुलूप आणतो नि निर्धास्त होतो. पण चोर कुलूप कशाला फोडील? तो फटीत पहार घालतो आणि कोयंडाच उपटतो!

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. चांगल्या कुलपाची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती नीट बसवण्याची.

म्हणून आम्ही सांगतो, जाणता सुतार बोलवा आणि जवळ उभे राहून काम पहा. चौकटीला वाळवी नाही ना? स्क्रू लांब आहेत ना? स्क्रू हातोडीने ठोकू देऊ नका. ठोकलेला स्क्रू धरत नाही, तो पिळूनच बसवावा. कुलपाची जीभ चौकटीच्या खाचेत पुरती शिरते का? आपल्याकडचा वारा खारा, लोखंड लवकर गंजते. तेव्हा पितळी कुलूप बरे.

आणखी एक. दार आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे. आग लागली तर किल्ली शोधायला वेळ कुठला?

शेवटी किल्ल्या मोजून घ्या. दहा वेळा दार लावून-उघडून पहा. मगच मजुरी द्या.