आर्किटेक्चरला जायचंय, पण कुठं?

बारावीनंतर ‘इमारतींचं काहीतरी शिकायचंय’ असं मुलं म्हणतात, तेव्हा आधी विचारावं, नेमकं काय? इमारतीचा आराखडा रचणं हे वास्तुविशारदाचं काम. ती उभी कशी राहील, याचा हिशेब स्थापत्य अभियंत्याचा. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, वास्तुकलेची, म्हणजे बी.आर्क., पाच वर्षांची. प्रवेशपरीक्षाही वेगळ्या: अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई, बी.आर्क.साठी नाटा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर. नागपूरच्या व्हीएनआयटीत बी.आर्क. करायचं, तर हा दुसरा पेपरच लागतो.

महाविद्यालय निवडताना पहिली गोष्ट, वास्तुकला परिषदेची मान्यता. १९७२च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही, आणि नोंदणीला मान्यताप्राप्त पदवी हवी. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी आहे. त्यात त्या वर्षीची मान्यता आणि जागा तपासा.

मग प्रत्यक्ष जाऊन या. चकचकीत प्रवेशद्वार बघू नका, स्टुडिओ बघा. तिथं पुठ्ठ्याची, लाकडाची अर्धवट मॉडेलं पडलेली असतील, भिंतीवर खोडाखोड केलेले नकाशे असतील, तर समजा, काम चालतं. स्टुडिओ फारच नीटनेटका दिसला, तर मला शंका येते! चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: शिक्षक ड्रॉइंगवर बसून बोलतात का? प्रशिक्षणाचं सत्र कुठल्या कार्यालयात केलं? आणि शुल्काशिवाय कागद, प्रिंट, मॉडेल, अभ्यासदौरे यांवर वर्षाला किती गेले? हा आकडा माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. तो घरी बसून काढण्यापेक्षा, अर्ज भरण्याआधी त्या मुलांकडूनच लिहून घ्या.