गदगच्या गवईबुवांची नाटक कंपनी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आपण बिदर-कलबुर्गीकडची मराठी माणसे. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत दोन्ही. नाटकाचे वेडही आपल्याला दोन्हीकडून मिळाले. जत्रेत कंपनीचा तंबू लागला की आपले आजी-आजोबा सतरंजी घेऊन निघत. आज अशाच एका कंपनीची गोष्ट सांगायची आहे.

गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे पंचाक्षरी गवई (१८९२-१९४४) जन्मांध होते. हानगलच्या कुमारस्वामींनी त्यांच्या गाण्याला आधार दिला. पुढे पंचाक्षरीबुवांनी तोच आधार इतरांना दिला. अंध आणि गरीब मुलांना जवळ करायचे, जेवूखाऊ घालायचे आणि गाणे शिकवायचे, हे त्यांचे व्रत. नाट्यगीतांनी मराठी रसिकांना जिंकणारे बसवराज राजगुरू याच गुरूंचे शिष्य.

दुसरे शिष्य पुट्टराज गवई. जन्म १९१४, हावेरीजवळच्या देवगिरीत. लहानपणीच दृष्टी गेली. गुरू गेल्यावर आश्रम त्यांच्या खांद्यावर आला. एवढ्या मुलांच्या ताटात रोज भाकरी कुठून येणार? त्यांनी नाटक कंपनीचा आधार घेतला. स्वतः नाटके लिहिली, संगीत दिले, स्त्रीभूमिकाही केल्या. प्रेक्षक तिकीट काढून यायचे आणि त्या पैशावर मुले शिकायची. म्हणजे प्रेक्षकांनी भीक घातली नाही, कलेचे मोल दिले. फरक इथेच आहे.

२०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, ऐन गणेशोत्सवात, ते गेले. तो दिवस आपल्या भागाचा मुक्तिदिन. ज्याने शेकडो मुलांना परावलंबनातून मोकळे केले, त्याने जायला दिवसही तसाच निवडला म्हणायचा.

आता थोडे आपल्याबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या बालनाट्यात एका अंध मुलाला घ्यावे, असे त्याच्या आईने सुचवले. मुलगा गोड गायचा. आम्ही म्हणालो, "वहिनी, पडला-बिडला तर? त्याला पडद्यामागे गाऊ द्या." तो गायला, टाळ्याही पडल्या. पण टाळ्या घ्यायला पडद्यापुढे आली ती दुसरीच मुले. त्याला हाताला धरून पुढे आणायचे आमच्या कुणाच्या लक्षातही आले नाही. पुढच्या वर्षी ती माउली आली नाही. आम्ही काळजी म्हणत होतो, ती खरे तर आमची भीती होती.

आम्ही सरकारी नोकर, कायदा वाचायची सवय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो आणि सांस्कृतिक जीवनातला वाटाही हक्क म्हणून सांगतो. पण मंडळाच्या मंचाला पायऱ्याच असतील, तर कायदा खालीच उभा राहतो.

करायचे काम फार नाही. मंचाला एक उतार बांधावा. कडेपासून हातभर आत काथ्याची चटई अंथरावी, म्हणजे पायाला हद्द कळते. संवाद वाचून, ध्वनिमुद्रित करून द्यावेत. तालीम आठ दिवस आधी सुरू करावी, पावले मोजून जागा पक्की होते. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी बिनसंवादाचा प्रवेश बसवावा. महाराष्ट्रात स्वागत थोरातांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन पूर्ण नाटके उभी केली आहेत. आपल्याला एक एकांकिका जमणार नाही का?

सुपाएवढे कान आणि मोडका दात असलेल्या देवाला आपण मखरात मध्यभागी बसवतो. त्याच मांडवात आपली लेकरे कोपऱ्यात बसू नयेत. त्या माउलीच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आधी क्षमा मागायला आणि मग तालमीचे बोलावणे द्यायला.

गणपती बाप्पा मोरया!