संघात कुणाला घ्यायचे?

मंडळी, साखर कारखान्यात बढती निघाली की आम्ही कामगार एवढेच मागतो : कसोटी कोणती, ते आधी फळ्यावर लावा. देशाच्या संघाचे तरी निराळे काय?

हेलसिंकीच्या 1952 च्या ऑलिंपिकसाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना आधी डावलले होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि मारली. 2016 साली सुशीलकुमारनेही चाचणी मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने नाकारली, कारण रिओची जागा नरसिंग यादवने 2015 च्या जागतिक स्पर्धेत कमावलेली होती. मला दोन्ही निकाल रास्त वाटतात. मैदानातच ठरले ना!

आणि पैशाची चाळणी? निवड झाल्यावरही खाशाबांपाशी प्रवासखर्च नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, सात हजार उभे केले, तेव्हा ते कांस्यपदक आले.