जॅमची स्पर्धा आणि मोजमाप

कृषी प्रदर्शनातल्या घरगुती जॅमच्या स्पर्धेत उतरायचं म्हटलं की पहिली धावपळ होते ती सुबक बरणी आणि झाकणावर बांधायला रंगीत कापड शोधण्याची. परीक्षक मात्र झाकण काढतात, जॅम चमच्यावर घेऊन तो ओघळतो की धरून राहतो हे बघतात, आणि मग चव घेतात. या दोन्ही गोष्टी ठरतात गॅसवरच्या शेवटच्या काही मिनिटांत. म्हणून माझं मत असं, की या स्पर्धेत खरा कस लागतो मोजमापाचा.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. जॅम घट्ट धरणारं पेक्टिन या फळात मुळातच कमी. म्हणून चौथा हिस्सा फळं जरा कमी पिकलेली घ्यावीत, लिंबाचा रस घालावा. पुस्तकात लिहिलेलं असतं, १०५ अंश सेल्सिअसला गॅस बंद करा. हा आकडा समुद्रसपाटीचा! महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचावर, तिथे पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. तिथे १०५ची वाट बघत बसलं तर जॅम नको तितका आटतो, लाल रंग काळपट होतो, फळाची चव हरवते. तेव्हा आपल्या गावात पाणी किती अंशांना उकळतं ते आधी बघावं आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवावेत. दुप्पट माल एकाच पातेल्यात शिजवला तरी नुकसान तेच: उकळणं लांबतं आणि पेक्टिन मोडतं.

कुणी म्हणेल, आपल्या आज्यांनी कुठे थर्मामीटर वापरला? तरी मोरांबा वर्षभर टिकायचा. टिकायचा, कारण एकतारी पाक हेही मोजमापच, बोटांनी केलेलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढी साखर कशाला? भारतीय मानकानुसार जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात, आणि त्यात बहुतांश साखरच असते. ती पाणी बांधून ठेवते, म्हणून बुरशीला थारा मिळत नाही. साखर निम्मी केलेला पदार्थ चवीला उत्तम असेल, पण तो फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचा. त्याच्यासाठी स्पर्धेत वेगळा गट हवा.

अमेरिकेतल्या अनेक काउंटी फेअरमध्ये बरणीसोबत कृती आणि भरलेली बरणी किती मिनिटं उकळली हे लिहून द्यावं लागतं. आपल्याकडच्या आयोजकांनीही प्रवेशअर्जावर फळाचं वजन, साखरेचं वजन, शेवटचं तापमान आणि तारीख असे चार रकाने ठेवावेत, आणि त्यांना गुणही द्यावेत.