मूर्ती कोणी पाडली?

(इंदूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पडद्यावर दिसते आहे ते रूबेन्सचे चित्र. मूळ कॅनव्हास व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे आणि त्याची उंची पाच मीटरांहून जास्त आहे. १६१७-१८ च्या सुमारास अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी रूबेन्सने ते काढले. विषय आहे फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार. गोव्याला गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी ज्याच्या शवपेटीसमोर रांग लावली असेल, तोच हा जेझुइट धर्मप्रसारक झेवियर. रूबेन्सने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. तरी हे चित्र आपल्याकडच्या माणसांचे आहे, म्हणूनच आज ते निवडले.

जिथल्या देवळालीकर मास्तरांच्या कलाशाळेतून बेंद्रे आणि चिंचाळकर गुरुजींसारखे चित्रकार निघाले, त्या गावात रचना म्हणजे काय हे मी शिकवायला नको. तेव्हा थेट चित्राकडे वळू. खाली माणसांची नुसती दाटी आहे. कोणी मेलेला उठून बसतो आहे, एक आंधळा हात पुढे करून चाचपडतो आहे, कोणी मान मागे टाकून वर बघतो आहे. वेगवेगळ्या देशांचे पोशाख दिसतात. एका माणसाचा पोशाख तर कोरियन मानला जातो. या सगळ्या रंगांच्या कल्लोळात स्थिर आहे ती एकच आकृती, उंच चौथऱ्यावर काळ्या झग्यात उभा असलेला झेवियर. त्याच्या मागच्या देवळाकडे नीट पाहा. आभाळातून प्रकाशाचा झोत येतो आणि देवळातली मूर्ती कोसळते.

आंधळ्याचे ते हात मला या चित्रातला सर्वांत खरा भाग वाटतो. तिथे धर्म, प्रचार काही नाही. आहे ते फक्त डोळे नसलेल्या माणसाचे चालणे. रूबेन्सने १६०० ते १६०८ ही वर्षे बरीचशी इटलीत काढली, कॅराव्हाज्जो डोळे भरून पाहिला. कॅराव्हाज्जोचे ‘मेरीचा मृत्यू’ हे चित्र ज्या चर्चसाठी काढले होते तिथल्या पाद्र्यांनी नाकारले, तेव्हा मांतुआच्या ड्यूकने ते विकत घ्यावे म्हणून शिफारस केली ती याच रूबेन्सने. संत दाखवायचा तर मळक्या पायांची, खऱ्या हाडामांसाची माणसे दाखवा, हे त्याला पटलेले होते.

जेझुइटांनाही तेच हवे होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये चित्रांना मान्यता दिली ती लोकांना शिकवावे आणि त्यांची भक्ती जागवावी म्हणून. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनेत तर प्रसंग मनापुढे उभा करायचा, तिथला आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, असा रोजचा सराव असे. वेदीवरचे चित्र म्हणजे त्या सरावाला हाताशी दिलेले साधन. अँटवर्पला तर दोरखंड-कप्पीची सोय करून वेदीवरची चित्रे आळीपाळीने बदलत.

आता त्या मूर्तीकडे पुन्हा येऊ. तिला कोणी हात लावलेला नाही, तिच्याजवळ कुऱ्हाड नाही की पहार नाही. ती पडते प्रकाशाने. रचनेच्या दृष्टीने ही कमाल आहे, कारण एका तिरक्या झोतात आभाळ, संत आणि देऊळ बांधले जाते. पण गोव्यातल्या साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली ती माणसांच्या हातांनी, पोर्तुगीज सत्तेच्या हुकमाने. खुद्द झेवियरने दक्षिणेच्या किनाऱ्यावरून लिहिलेल्या पत्रांत मुलांनी मूर्ती फोडल्याचे समाधानाने सांगितले आहे. ते हात चित्रातून गाळले की पाहणाऱ्याच्या मनात उरतो तो निव्वळ विस्मय. अपराधाला जागाच राहत नाही. या बरोक शैलीला लोक भावनेचा अतिरेक म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. भावना इथे फार हिशेबाने वाटलेली आहे, आणि ती वाटली आहे अँटवर्पच्या बाकांवर बसणाऱ्यांसाठी. आपण चित्रात आहोत, बाकांवर नाही.

हीच तऱ्हा इतिहासातही दिसते. १६८३ मध्ये संभाजीराजे गोव्याच्या दाराशी आले, तेव्हा व्हिसरॉयने आपला अधिकारदंड झेवियरच्या पेटीपाशी ठेवून शहर त्याच्या हवाली केले. मराठे माघारी फिरले. घाट उतरून मोगल शहजादा शाह आलम येत होता म्हणून फिरले. पण गोव्यात श्रेय मिळाले संताला. रूबेन्सला हा प्रसंग मिळता तर त्याने शाह आलमला चित्रात घेतले नसते.

गंमत अशी की त्याच जेझुइट संघाचा एक माणूस रूबेन्सच्याच काळात वेगळ्या श्रोत्यांसाठी रचना करत होता. फादर थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्या, आपल्या मराठीत. जुनी पुराणे काढून घेतलीत तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या, हे नवख्रिस्ती श्रोत्याचे मागणे त्याने ग्रंथात घेतले आहे. ज्यांचे देव गेले ती माणसे त्याच्या समोर बसलेली होती. त्यांना प्रकाशाचा झोत दाखवून भागण्यासारखे नव्हते. ओवी लागली, गोष्ट सांगण्याची सवड लागली. धर्मप्रसार दोघांनाही करायचाच होता, स्टीफन्सला मी निष्पाप ठरवत नाही. पण ऐकणारा समोर असला की रचना नमते, एवढे मात्र त्याच्या ओव्यांत दिसते.

इटालियन बरोक गोव्यात दिमाखाने आले ते १६९८ मध्ये. तस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सच्या शिल्पकार फोज्जिनीकडून झेवियरसाठी समाधीचा चौथरा करवून पाठवला. गोव्याच्या बाँ जेजू चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वर, चांदीच्या पेटीकडे असतात. तुम्ही जाल तेव्हा पेटीखालच्या ब्राँझच्या चार फलकांपुढे थोडे थांबा. एका फलकावर मोरोताईच्या बेटावरची माणसे संतावर चालून येताहेत आणि तो जीव वाचवून निसटतो आहे. गोव्यातल्या या बरोकमध्ये बेटकऱ्यांना निदान रागावता येते.