केसपेपर झाकून ठेवा



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. १९५३ साली मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तिथपासूनचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी अपेक्षा असते. तो आज बाजूला ठेवतो. बरीच वर्षं मनात साचलेली एक गोष्ट बोलायची आहे. परीक्षेच्या धाकाने आपण मुलांकडून स्पेशल टेस्टची नावं घोटून घेतो आणि निदान शिकवायचं राहूनच जातं.

प्रॅक्टिकलला खांद्याचा रुग्ण येतो. केसपेपरवर ‘फ्रोजन शोल्डर’ आधीच लिहिलेलं. विद्यार्थी नीर, हॉकिन्स-केनेडी, एम्प्टी कॅन सुरू करतो. जो हात वरच जात नाही, त्यावर या टेस्ट करून काय कळणार? दुखणारच. त्यापेक्षा रुग्णाचं कोपर कुशीला टेकवा, काटकोनात वाकवा आणि पंजा आपल्या हाताने बाहेर वळवा. दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. आपण वळवूनही अडत असेल तर सांध्याच्या वेष्टनाचा विचार करा, एक्स-रेमध्ये झीज नाही ना तेवढं बघा, मधुमेह आहे का विचारा. आपण वळवल्यावर पूर्ण वळतो, पण स्वतः कडेने हात उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते, तर रोटेटर कफकडे वळा. दोन मिनिटांचं काम आहे हे. गुण मात्र टेस्टच्या नावाला.

आणि नावं तरी धड कुठे? अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवायचं, याला आपण सर्रास फिंकेलस्टीन म्हणतो. ती आयकहॉफची टेस्ट आहे. हे अचूक सांगणाऱ्या मुलीचे गुण कापलेले मी पाहिले आहेत. तिने मनगटाशी दुखरा कंडरा बोटाने नेमका दाखवला होता!

एमसीक्यू की लाँग केस, यावर आपल्या बैठका रंगतात. माझ्यापुरता तो वाद एका प्रॅक्टिकलने मिटवला. एका शेतमजूर बाईंच्या केसपेपरवर ‘गुडघ्याची झीज’ होती. आधीच्या मुलांनी मॅकमरे, लॅकमन सगळं केलं. मग एकाने विचारलं, “मावशी, मांडी घालून बसता येतं का?” त्या म्हणाल्या, “कधीच सुटलं रे बाबा, जांघेत धरतंय.” त्याने खुबा आत वळवला आणि बाई कळवळल्या. दुखणं खुब्याचं, जाणवत होतं गुडघ्यात. परीक्षक म्हणाले, “केस गुडघ्याची आहे, गुडघ्यावर बोल.” पोरगा नापास झाला. प्रश्नपत्रिकेचा प्रकार बदलून त्याचं काय भलं झालं असतं? त्याला केसपेपरने नापास केलं.

निदान हे आपलं कामच नव्हे, असं म्हणणारे सहकारीही इथे आहेत. कंबरदुखीचा रुग्ण लघवी अडल्याचं आणि बैठकीची जागा बधिर झाल्याचं सांगतो, तेव्हा समोर तुमचा इंटर्न असतो. त्याने ते ओळखून त्याच क्षणी शस्त्रक्रियेच्या सोयीच्या रुग्णालयात पाठवलं नाही, तर त्या माणसाचे पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे कुणाचं काम मानायचं?

म्हणून मागणी एकच. प्रॅक्टिकलला केसपेपर झाकून ठेवा, पहिली पाच मिनिटं विद्यार्थ्याला नुसतं बोलू द्या, आणि त्याने काय विचारलं याला गुण द्या. त्यासाठी एक छोटी समिती नेमावी, गुणांचा तक्ता करावा, परीक्षकांचीही कार्यशाळा व्हावी. तपशील बसून ठरवू. विद्यापीठाकडे निवेदन घेऊन मी स्वतः जाईन, सोबत कोण येतंय ते आज दुपारच्या आतच सांगा.